भोंगा बेचाळीस मिनिटे उशिरा

गेली सात वर्षं मी एक लायब्ररी सांभाळते. पुस्तकांची नव्हे. तयार कोडचा एक गठ्ठा असतो, तो एकाने लिहायचा आणि बाकीच्यांनी डोळे मिटून वापरायचा, त्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. माझी लायब्ररी कालावधी मोजते. एखादं काम सुरू झाल्याला किती वेळ झाला, अजून किती थांबायचं, वाट बघणं कधी सोडून द्यायचं, एवढंच तिचं काम. ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटतो. सुरुवातीला नवऱ्यालाही वाटायचा. "म्हणजे तू दिवसभर स्टॉपवॉच बनवतेस?" असं तो म्हणायचा आणि मी चिडायचे.

चिडायचे, कारण त्यात मला अभिमान होता. माझी लायब्ररी नॅनोसेकंदात मोजते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. टीममध्ये नवीन येणाऱ्यांना मी पहिल्याच आठवड्यात समोर बसवून शिकवते, की बारीक मोजणं वेगळं आणि बरोबर मोजणं वेगळं. दशांश चिन्हापुढे नऊ आकडे छापता येतात म्हणून ते नऊच्या नऊ खरे असतात असं नाही. पोरं माना डोलवतात आणि मला बरं वाटतं. आता ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

कॉम्प्युटरच्या पोटात दोन घड्याळं असतात. एक भिंतीवरच्यासारखं. किती वाजले ते सांगतं, पण त्याला कोणीही पुढेमागे करू शकतं. दुसरं स्टॉपवॉचसारखं. वाजले किती हे त्याला ठाऊक नसतं, पण ते कधी मागे येत नाही. कालावधी मोजायचा तर हे दुसरं वापरायचं. मी तेच वापरलं, आणि त्यात काही चूक नव्हती. चूक पुढे होती. या दुसऱ्या घड्याळातही दोन जाती असतात. वीज वाचवायला मशीन झोपलं तरी एक मोजत राहतं, दुसरं थांबतं. मी थांबणारं घेतलं.

आमच्या टीममध्ये पुण्याचा एक जण आहे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान आणि फार हळू बोलणारा. माझा कोड तपासायला त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मीटिंगमध्ये म्हणाला, "हे क्लॉक स्लीपमध्ये थांबतं ना? मग कोणी लॅपटॉपवर रन केलं तर तीन तासांचे चार तास होतील."

"आपली मशीन्स सर्व्हर आहेत," मी म्हटलं. "ती झोपत नाहीत."

"पण आपण लायब्ररी ओपन करतोय ना सगळ्यांसाठी. कोण कुठे वापरेल, आपल्याला काय माहीत यार? निदान डॉक्युमेंटेशनमध्ये तरी मेन्शन कर."

खरं तर तेवढं लिहायला एक ओळ लागली असती. मी त्याला चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे, कारण तेव्हा ते मला फार आवडलं होतं: झोपलेल्या मशीनसाठी वेळ जातच नाही. मॅनेजरने माझ्या उत्तराला पसंतीचा अंगठा दिला. पुण्याच्याने आणखी एक दिवस वाट बघितली आणि मुकाट्याने मंजुरी दिली. मी जिंकले.

आता अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ते टाइमकीपर होते. कामगारांच्या येण्याजाण्याची नोंद त्यांच्याकडे, आणि पाळी बदलताना वाजणारा भोंगाही त्यांच्याच हातात. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा. पंचक्रोशीतल्या बायका त्या भोंग्यावर कुकर चढवायच्या, शाळेचा शिपाई घंटा द्यायचा, आणि भोंगा झाला की लोक मनगटावरची घड्याळं जुळवायचे. अण्णांना याचा केवढा तोरा होता! रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांआधीचे टोले ऐकून ते आपलं घड्याळ तपासायचे आणि तेव्हा घरात कोणी भांडं वाजवलं तरी खपायचं नाही.

मी सहावीत असताना एकदा दुपारचा भोंगा चार मिनिटं उशिरा झाला. टाइम ऑफिसातल्या घड्याळाला किल्ली द्यायची अण्णांकडून राहिली होती. घड्याळ मागे पडलं आणि त्याच्याबरोबर अख्खं गाव. चार मिनिटांनी कोणाचं काही बिघडलं नाही. साहेब म्हणाले, राहू द्या, रजिस्टरात कशाला लिहिता, कोण विचारतंय? अण्णांनी लाल शाईच्या पेनाने लिहिलं: "भोंगा चार मिनिटे उशिरा. चूक माझी." खाली सही. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात शरम होती की समाधान, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. त्यांना त्याबद्दल लेखी समज मिळाली. ती त्यांनी फाईलला लावून ठेवली.

आई गेली आणि नंतर दोन वर्षांनी अण्णांना पार्किन्सन असल्याचं निदान झालं. त्यांचा हात फारसा कापत नसे. त्यांचं अंग आखडायचं. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे आणि ते दारातच उभे राहायचे, ना आत ना बाहेर. गोळी घेतली की तासाभरात अंग सुटायचं, गोळीचा जोर उतरला की परत आखडायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसा दर तीन तासांनी गोळी. आठ, अकरा, दोन, पाच, आणि शेवटची रात्री आठला. इकडेतिकडे करायचं नाही.

घरी अण्णांचं बघायला एक मावशी होत्या. सकाळी सातला यायच्या, रात्रीचं जेवण झालं की जायच्या. स्वयंपाक, औषधं, आंघोळ, सगळं त्यांच्याकडे. बाई प्रेमळ, पण त्यांच्या घड्याळात फक्त सकाळ, दुपार आणि दिवेलागण होती. अण्णाही आजाराने विसरायला लागले होते. मी जायला हवं होतं. निदान दोन महिने तरी राहून घडी बसवून द्यायला हवी होती.

गेले नाही. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. इथे राहायला हरकत नव्हती, पण एकदा बाहेर पडलं की परत यायला नवा शिक्का हवा, आणि त्याच्या अपॉइंटमेंटचा भरवसा नाही. आमच्या ओळखीतला एक जण पंधरा दिवसांसाठी गेला आणि चार महिने अडकला. तिकडून नोकरी टिकवता टिकवता त्याच्या नाकी नऊ आले. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही बारा वर्षं उभे आहोत आणि ती रांग आणखी किती वर्षांची, ते वकिलालाही सांगता येत नाही. अब्जांश सेकंद मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या रांगेचा कालावधी माहीत नाही. हा विनोद मी ऑफिसात दोन-तीनदा केला आहे. लोक हसतात.

तर मी गेले नाही, आणि जायच्या ऐवजी एक यंत्र पाठवलं. या देशात आल्यापासून आम्हा सगळ्यांना ही सवयच लागली आहे. आईवडिलांना रक्तदाबाचं मशीन पाठवायचं, दारावरचा कॅमेरा पाठवायचा, पडलं तर आपोआप फोन लावणारं मनगटी घड्याळ पाठवायचं, आणि डबा पोस्टात टाकला की आपण काहीतरी केलं म्हणून रात्री शांत झोपायचं.

मुलीचा जुना टॅबलेट होता. तो पुसून साफ केला आणि त्यावर एक छोटं ॲप लिहिलं. सकाळी पहिली गोळी घेतली की हिरवं बटण दाबायचं. तीन तास झाले की भोंगा वाजणार. गोळी घ्यायची, पुन्हा बटण दाबायचं. आवाजासाठी मी मुद्दाम इंटरनेटवर शोधून खराखुरा कारखान्याचा भोंगा घातला होता. वेळ मोजायला अर्थातच माझीच लायब्ररी. दुसरी कशाला वापरू? स्वतःच्या हातचं असताना विकतचं आणल्यासारखं झालं असतं.

दोन आठवडे मी तो टॅबलेट स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून तपासला. दर तीन तासांनी भोंगा. शनिवार-रविवारी घर दणाणून जायचं. मुलगी सातवीत होती, ती कानावर हात ठेवून म्हणायची, "आई, आजोबा इज नॉट अ सर्व्हर!" मी तिला हसून उडवून लावलं. टॅबलेटने दोन आठवड्यांत एका सेकंदाचीही चूक केली नाही. आणि ते दोन्ही आठवडे तो चार्जरला लावलेला होता.

यंत्र पोचलं तेव्हा पहिला भोंगा ऐकायला मी व्हिडिओ कॉलवर होते. अण्णा खुर्चीत टेकून बसले होते. आवाज झाला आणि त्यांचं ते आखडलेलं तोंड एकदम हललं. किती दिवसांनी हसताना बघितलं मी त्यांना! "अगं, हा तर आपला भोंगा," ते म्हणाले. "आता भोंगा तुझ्याकडे."

गोळी घेतली की वेळ वहीत लिहायची, हे त्यांनी स्वतःहून सुरू केलं. आजाराने अक्षर मुंगीएवढं झालं होतं, तरी रकाने पट्टीने आखलेले. दर रविवारी मावशी त्या पानाचा फोटो मला आणि डॉक्टरांना पाठवायच्या. मी फोटो आला की अंगठा पाठवून पुढच्या कामाला लागायचे. आकडे वाचत नव्हते.

दहा-बारा दिवसांनी, माझ्या सकाळी आणि त्यांच्या संध्याकाळी, नेहमीचा फोन चालू होता. मी गाडीत होते, ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, हीटर चालू ठेवून. नऊच्या मीटिंगला सहा मिनिटं होती. अण्णा जरा अडखळत म्हणाले, "बाळ, तुझं यंत्र थोडं सुस्त आहे का गं? आज अकराचा भोंगा पावणेबाराला झाला."

"शक्य नाही अण्णा."

"भिंतीवरच्या घड्याळात बघितलं मी."

ते घड्याळ त्यांना कारखान्याने निवृत्त होताना दिलेलं. मी काय म्हटलं, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "अण्णा, ते नॅनोसेकंदापर्यंत मोजतं. सेकंदाचे अब्ज तुकडे. तुमच्या घड्याळाचा सेल उतरला असेल, मावशींना सांगून बदलून घ्या." वर हसलेसुद्धा. मीटिंगला जायची घाई होती हे खरं, पण घाईच्या माथी मारून मी सुटू शकत नाही. घाई नसती तरी मी हेच म्हटलं असतं. तीस वर्षं ज्यांनी गावाला वेळ दिली त्यांना मी सांगत होते की तुमचं घड्याळ चुकतंय.

मग अण्णा म्हणाले, "बरं." पुन्हा त्यांनी हा विषय कधी काढला नाही. पुढच्या रविवारचा फोटो आला. मी अंगठा पाठवला.

यंत्र पोचल्याला दोन महिने होत आले तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, वहीत बघतोय, गोळ्या अगदी वेळेवर चालल्या आहेत, तरी मधेमधे अंग आखडतंच. याचा अर्थ हा डोस पुरत नाही, वाढवू या. मी म्हटलं वाढवा. वाढवलेल्या गोळीने अण्णांना उठताना चक्कर यायला लागली. तेही मला मावशींनी सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, सवय होईल. अठराव्या दिवशी ते दुपारी तोंड धुवायला उठले आणि बेसिनपाशी कोसळले. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन ठरलं. शेजारचे काका दवाखान्यात धावपळ करत होते, मी इकडून फोन करत होते. भूलतज्ज्ञाने विचारलं, शेवटची गोळी किती वाजता घेतली? मावशींना सांगता येईना. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे लॉग आहे. लॉग म्हणजे यंत्राने ठेवलेली नोंद. प्रत्येक भोंग्याची एक ओळ आपोआप माझ्याकडे येत होती. अकरा आठवड्यांत मी ती फाईल एकदाही उघडली नव्हती. जी गोष्ट बरोबरच आहे ती कशाला बघायची?

शनिवारची सकाळ होती. नवरा बाहेर बर्फ काढत होता. मी त्याच ओट्यावर लॅपटॉप उघडला. प्रत्येक ओळीत आधी भिंतीवरच्या घड्याळाची वेळ, पुढे माझ्या लायब्ररीने मोजलेला कालावधी. कालावधीचा रकाना देखणा होता. तीन तास, शून्य मिनिटं, शून्य सेकंद, आणि पुढे नऊ आकडे. सगळीकडे तीन तास. आणि त्याच्या डावीकडे: आठ वाजून दोन मिनिटं, अकरा चव्वेचाळीस, तीन सव्वीस, सात पाच.

कळायला दोन सेकंद लागले असतील. तेवढे मी नक्की मोजू शकते. टॅबलेट चार्जरला असला की जागा राहायचा. वायर काढली की तो झोपायचा आणि त्याच्याबरोबर माझं घड्याळ थांबायचं. वायफाय शोधायला क्षणभर जागा व्हायचा तेवढं पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं. मावशींना फोन करून विचारलं, चार्जर काढता का? "काढते की," त्या म्हणाल्या. "मिक्सरला दुसरं बटण नाही वट्यावर. आणि सारखं लावून ठेवलं तर फुटतंय म्हणत्यात." चटणी वाटायला वायर काढायची, कधी लगेच लावायची, कधी तासाने आठवण झाली की. सगळा खुलासा एवढाच होता. झोपलेल्या मशीनसाठी वेळ जात नव्हता. खुर्चीत बसलेल्या माणसासाठी जात होता.

माझ्या यंत्राच्या हिशेबात शेवटची गोळी दोनची. खरी घेतलेली तीन वाजून एकतीस मिनिटांनी. भूलतज्ज्ञाला मी खरी वेळ सांगितली.

सोमवारी ऑफिसात बग नोंदवला. दुरुस्ती एका शब्दाची होती, थांबणाऱ्या घड्याळाच्या जागी न थांबणारं. पुण्याच्या सहकाऱ्याला सगळं सांगितलं. तो "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. त्याने तसं म्हटलं असतं तर मला भांडायला तरी कोणी मिळालं असतं. "आय ॲम सो सॉरी," एवढंच म्हणाला आणि दुरुस्ती दहा मिनिटांत मंजूर केली. त्याची जुनी शंका आणि माझे ते चार परिच्छेद तिथेच वर दिसत होते. बग बंद करताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो: याचा फटका कोणाला बसला का? मॅनेजर म्हणाला, "कस्टमर कोणी नाही ना? मग सिंपल ठेव." मी लिहिलं, "कोणी नाही."

मग मी गेले. शिक्का, अपॉइंटमेंट, नोकरी, सगळं गेलं खड्ड्यात म्हणून निघाले. हे शौर्य मला अण्णा पडण्याच्या आधी सुचलं नव्हतं.

अण्णा समोरच्या खोलीत पलंगावर होते. ऑपरेशन नीट झालं होतं, पण ते पुन्हा चालतील असं कोणी म्हणत नव्हतं. आवाज इतका खोल गेला होता की कान तोंडाशी न्यावा लागे. टॅबलेट कपाटावर पालथा पडला होता. समोरच्या भिंतीवर ते घड्याळ. मी माझा फोन काढून त्याच्याशी ताडून बघितलं. जुळत होतं.

उशाशी वही होती. मी ती पहिल्या पानापासून वाचली, जे अकरा आठवडे करायला हवं होतं. पहिले दहा-बारा दिवस खरे होते: आठ, अकरा पस्तीस, तीन पाच, सहा चाळीस. मुंगीएवढ्या अक्षरात मिनिटासकट. मग आमच्या त्या फोनची तारीख. दुसऱ्या दिवसापासून आठ, अकरा, दोन, पाच, आठ. आठ, अकरा, दोन, पाच, आठ. पानामागून पानं. डॉक्टरांनी हीच पानं वाचली होती. यावरून डोस वाढवला होता. ज्या माणसाने साहेबांच्या सांगण्यावरून चार मिनिटं लपवली नाहीत, त्याने अकरा आठवड्यांतले साडेनऊ आठवडे खोटं लिहिलं होतं.

मावशी भाजी निवडत होत्या. मी विचारलं, अण्णांना दिसत नव्हतं का घड्याळ?

"दिसत होतं की," मावशी म्हणाल्या. "मी तर म्हणायची, अण्णा, अकरा वाजून गेलं, घ्या गोळी. हात आखडून लाकूड व्हायचा त्यांचा. गोळी पुढ्यात, पाणी पुढ्यात. तरी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, भोंगा तिचा आहे. तिचा झाला की अकरा."

मी आत स्वयंपाकघरात गेले. मिक्सर, त्याच्या शेजारी तो एकुलता एक सॉकेट. तिथे उभी राहून रडले, पण त्याने काही हलकं वाटलं नाही. उलट स्वतःचाच संताप आला, की आता रडायला मात्र वेळ बरा मिळाला.

बाहेर येऊन पलंगाशी बसले. म्हटलं, "अण्णा, घड्याळ बरोबर होतं. भोंगा चुकत होता. माझा."

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. माझ्या ओळखीचा तो जुना, टाइम ऑफिसातला चेहरा त्या आखडलेल्या चेहऱ्याच्या मागे कुठेतरी होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दर तीन तासांमागे सरासरी बेचाळीस मिनिटं."

ते डोळे मिटून पडून राहिले. मी वाट बघत होते. 'जाऊ दे गं' एवढं म्हणतील अशी. कोणाचाही बाप म्हणाला असता. मला ते ऐकायचं होतं, त्यासाठी मी आठ हजार मैल आले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

"लिहून ठेव," अण्णा म्हणाले.

लाल पेन सापडलं नाही. निळ्याने लिहिलं, कोऱ्या पानावर: "भोंगा बेचाळीस मिनिटे उशिरा. चूक माझी." खाली सही केली. वही त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांना वाचायला बराच वेळ लागला. मग त्यांनी बोट उचललं, ते हवेत थोडं थांबलं, आणि माझ्या वाक्यावरून घसरत मागच्या पानांकडे गेलं. मी कान खाली नेला.

"सरासरी काय कामाची," ते म्हणाले. "रोजचं लिही."

मग मी लॅपटॉप उघडून लॉग काढला आणि त्यांच्या प्रत्येक अकराच्या, प्रत्येक दोनच्या, प्रत्येक पाचच्या शेजारी खरी वेळ लिहायला लागले. प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा आणि मग लिहायचा. अकरा चव्वेचाळीस. तीन सव्वीस. सात पाच. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच मला वाटलं झोपले, म्हणून मी एक ओळ मनातच वाचून लिहिली, तर त्यांनी डोळे उघडले. मी ती ओळ परत मोठ्याने वाचली. दोन दिवस हे काम चाललं. ऑफिसच्या फॉर्ममध्ये अजून "कोणी नाही" असंच आहे. बंद झालेला फॉर्म पुन्हा उघडता येतो, तो मी उघडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या आठवड्यावर आले होते. अण्णा पडले त्या दिवसाची ओळ आली. वहीत त्यांनी लिहिलं होतं, दोन. मी वाचलं, "तीन एकतीस," आणि ते दोनच्या शेजारी लिहिलं.

अण्णांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं.

"दोन वाजले," ते म्हणाले. "गोळी दे."

मी फोन बघितला नाही. उठले आणि गोळी दिली.